खड्ड्यावरचं मशीन

॥ श्री मार्कंडेय प्रसन्न ॥

सोलापूर, रविवार, १४ नोव्हेंबर १९३७

चि. आशन्नास,

धाकट्या भावाला आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहितो. राग गेलेला नाही. गणपतीत पाठवलेल्या पत्राचं उत्तर आलं नाही, त्याच्या आधीच्याचंही नाही. वरळीच्या चाळीत पोस्टमन जिने चढत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालतो. तुझा हात दुखत असेल अशीही घातली असती, पण तोच हात गिरणीत दोन दोन माग सांभाळतो हे मला पक्कं ठाऊक आहे.

आज लिहायचं कारण अम्मा. तिला ऐकू येईनासं झालंय. जन्म मागाच्या खडखडाटात गेला, कान तरी किती टिकणार. ग्रामोफोन घेतला तेव्हा खूश होती. आता मंगलहारतीची रेकॉर्ड लावली की भोंग्यात डोकं घालून बसते. परवा तिचा पदर रेकॉर्डीवर पडला, सुई घसरली आणि गाण्यावर लांब ओरखडा उठला. तिला तोही ऐकू आला नाही. ती आपली डोलत होती. मला फार वाईट वाटलं.

टॉकीजमध्ये मशीन चालवणारा भीमाशंकर आपल्या दुकानावर धोतरं घ्यायला येतो. त्याच्याजवळ बोललो, तर म्हणाला, "सावकार, भोंग्याचे दिवस गेले की. वालचं मशीन घ्या." अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात त्याला. तुला कळावं म्हणून लिहितो. सुई जिथं बसते तिथं विजेची एक डबी बसवायची. तिची तार मशीनमध्ये जाते. मशीनमध्ये काचेचे दिवे असतात, त्यांनाच हे लोक वाल म्हणतात. ते तापले की बारीक आवाजाचा मोठा आवाज होतो आणि दुसऱ्या तारेनं लाकडी खोक्यातल्या स्पीकरात येतो. मला वाटलं दुकानात जाऊन एक उचलून आणायचं. भीमाशंकर हसला. पुण्याच्या एजंटाकडून तो तीन मशीनं मागवणार आहे, एकेक आपल्या घरी ठेवून ऐकायचं, मग ठरवायचं. एकाच्या घरात गोड वाजणारं मशीन दुसऱ्याच्या घरात ठणाणा करतं, असं त्याचं म्हणणं.

पहिलं मशीन आज ऐकलं. रविवार, माग बंद, त्यामुळे घर शांत. मी रेकॉर्ड घेऊन तयार, तर हा म्हणतो, "थांबा. आधी रिकामं ऐका. गाणं कुठल्याबी मशीनवर बरंच वाटतंय. मशीन गप असताना कसं हाय ते बघायचं." मग आम्ही दोघं शहाणी माणसं काही न वाजणाऱ्या खोक्यापुढं मान वाकडी करून उभे. बारीक गुणगुण होती. ती विजेची, म्हणे. मग रेकॉर्ड लावली. दोनच वाल, आवाज किरटा. अम्मानं खोक्याला कान लावला आणि म्हणाली, "डब्यात माशी अडकलीय." मशीन परत गेलं.

तुझी पत्रं येतील ती पूर्वीसारखी दुकानाच्या पत्त्यावरच येऊ देत. घरी अम्मा आणि सुंदरम्मा, दोघींनाही तुझा ठावठिकाणा माहीत नाही आणि माझ्या तोंडून साडेसात वर्षांत एक शब्द गेलेला नाही. सुंदरम्मा, तुझी बायको, बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. तुझ्या तिकडच्या संसाराबद्दल मी विचारत नाही.

राजमल्लू

सोलापूर, रविवार, २८ नोव्हेंबर १९३७

आशन्ना,

उत्तर नाही. ठीक. तू नाही लिहिलंस तरी मला लिहायला भाग आहे, असं काही घडलंय.

दुसरं मशीन आलं. चार वाल, आणि त्याचा स्पीकर म्हणजे चांगलं गुडघाभर उंचीचं शिसवी खोकं, पुढून कापड लावलेलं. ते ठेवायचं कुठं? मागघरात पाच माग लागलेले आहेत, पाय ठेवायला जागा नाही. मोकळा कोपरा एकच, तुझा. तुझा माग मी तिसऱ्या वर्षी सोडवून माळ्यावर टाकला, पण ज्यात पाय सोडून तू पावड्या मारायचास तो खड्डा तसाच आहे, वर फळ्या टाकलेल्या. विणणारा जिवंत असेपर्यंत त्याचा खड्डा भरायचा नाही, आणि गेला की दहाव्याच्या आत घरच्यांनी आपल्या हातांनी भरायचा, हे आपल्या घरात तुला कुणी सांगायला नको. अप्पांचा आपण दोघांनी भरला. तुझा मी भरलेला नाही. इतर बाबतीत मला काय बोलायचं ते बोल, यात नाही.

तर खोकं त्या फळ्यांवर ठेवलं. रिकामं ऐकलं. गुणगुण जवळजवळ नाहीच. मंगलहारती लावली आणि काय सांगू, गाणाऱ्या बाईच्या गळ्यातला श्वाससुद्धा ऐकू येत होता. मी तिथंच ठरवलं, हेच घ्यायचं. अम्मा फळ्यांजवळ मांडी घालून बसली, तळहात फळीवर टेकला. कान गेल्यापासून तिला सवयच झालीय, कुठला माग कसा चाललाय ते ती जमिनीवर हात ठेवून सांगते, आणि चुकत नाही. रेकॉर्ड अर्ध्यावर आली तशी तिनं हात वर केला. मी सुई उचलली.

"आशन्ना बसलाय," ती म्हणाली.

मी म्हणालो, अम्मा, गाणं आहे ते. तिनं माझं मनगट धरलं आणि त्यावर बोटांनी वाजवून दाखवलं. एक ठोका जोरात, त्याला लागून एक हलका, मग श्वासाएवढी थांब. पुन्हा जोरात, हलका, थांब. तुझं फणी मारणं. अख्ख्या गल्लीत दोनदा फणी मारणारा तू एकटा. अप्पा किती ओरडायचे, एका धाग्याला एक ठोका, सूत फुकट दमवतोस. सुंदरम्मा दारात बॉबिनची टोपली घेऊन उभी होती. ती आत गेली.

भीमाशंकरला मात्र यात काही विशेष वाटलं नाही. त्यानं फळीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "खाली पोकळ हाय की. तबल्यावर खोकं ठेवल्यागत झालंय. एकेका सुराला फळी थडथडतीय, म्हातारीच्या हाताला ते लागतंय." दोन फळ्या बाजूला केल्या, आणि रद्दी सुताची चार पोती खड्ड्यात दाबून भरली. फळ्या परत टाकल्या. पुन्हा रेकॉर्ड लावली, तर आवाज लई चोख. मी अम्माकडं बघितलं. ती डोलत होती.

"आता गाणं चांगलं येतंय," ती म्हणाली. मग हात फळीवरून न उचलता म्हणाली, "तोही आहे."

म्हातारीचं मन आहे, असं मी भीमाशंकरला सांगितलं. तुलाही तेच सांगतो. तू बरा आहेस ना, एवढं कळव.

राजमल्लू

सोलापूर, रविवार, १२ डिसेंबर १९३७

आशन्ना,

या आठवड्यात मी ऐकलं. अम्मानं नाही, मी, या कानांनी.

तिसरं मशीन मोठं आहे, सहा वाल, दोन माणसांनी उचलायचं. भीमाशंकर ते संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत लावणार आहे, त्याआधी आपल्याकडे आठ दिवस. मला ते नकोच होतं, पण म्हटलं तुलना तरी होईल. गेल्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर लावलं. वाल लाल झाले. रिकामं ऐकायला आम्ही दोघं उभे राहिलो. आता मला त्यातलं बरं कळतं. गुणगुणीच्या खाली कान न्यायचा, मग मशीनचा स्वभाव कळतो.

गुणगुणीच्या खाली तुझा माग चालला होता.

रेकॉर्ड नाही, सुई डबीत नाही, पाचही माग बंद. जोरात, हलका, थांब. भीमाशंकरनं माझ्याकडं बघितलं, म्हणजे त्यालाही ऐकू येत होतं. त्यानं ग्रामोफोनची तार काढली. आवाज चालूच. त्यानं विजेचं बटण बंद केलं. तू विश्वास ठेवणार नाहीस, मशीन बंद झाल्यावरही वाल विझेपर्यंत तो आवाज येत होता. वाल जसे तांबड्याचे काळे झाले तसा माग हळू होत गेला आणि थांबला. मी तिथंच खाली बसलो.

भीमाशंकर जिद्दी माणूस. मशीन आपल्या घरी नेलं, दोन दिवस ऐकलं, काही नाही. इथं आणून ओसरीवर लावलं, काही नाही. खोकं परत तुझ्या फळ्यांवर ठेवलं, तर आहे. मग त्यानं पाय पुसले, चपला घातल्या आणि म्हणाला, "सावकार, मशीन निर्दोष हाय. हे मशीनचं न्हाय. मला यातलं काय कळत न्हाय, मी जातो." चहाला थांब म्हटलं तरी थांबला नाही.

अम्माचं ठरलंय. तिचं म्हणणं सरळ आहे. जिवंत माणूस असतो तिथं वाजतो. आशन्नाचा माग माळ्यावर आणि आवाज खड्ड्यात, म्हणजे तो गेलाय, आणि माती मागतोय. साडेसात वर्षं आपण त्याला तिष्ठत ठेवला. मी म्हटलं, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. पंचांनीही तेच सांगितलं. तर म्हणाली, "बारा वर्षं मी जगणार आहे का? माझ्या पोराला मी असताना माती मिळू दे." मार्गशीर्षाच्या अमावास्येला, म्हणजे १ जानेवारीला, खड्डा भरायचा. त्या दिवसापासून दहा दिवसांचं सगळं करायचं. सुंदरम्माच्या गळ्यातलं काढायचं.

आता नीट वाच. मार्शल लॉच्या उन्हाळ्यात गाव बंद असताना मी तुला बैलगाडीनं होटगीला नेलं. सोलापूर स्टेशनावर चढायला नको म्हणून होटगीला गाडीत बसवलं, आणि सोलापूर येईल तेव्हा खिडकी लावून घे असं बजावलं. तुझा त्या चळवळीशी काडीचा संबंध नव्हता. तुला त्या बाईकडं जायचं होतं आणि गडबडीत कुणी विचारणार नव्हतं, एवढंच. तू शपथ घातलीस, मी पाळली. पण आता तुझ्या बायकोच्या गळ्याशी गोष्ट आलीय. एक कार्ड टाक, दुकानाच्या नव्हे, घराच्या पत्त्यावर. खुशाल आहे, एवढे दोन शब्द. मग खड्डा भरायचं कारण राहणार नाही.

तूच का सांगत नाहीस, असं म्हणशील. त्याला कारणं आहेत.

राजमल्लू

सोलापूर, शुक्रवार, २४ डिसेंबर १९३७

आशन्ना,

कार्ड आलं नाही. रोज पोस्टमन येतो त्या वेळी मी दुकान सोडून घरी येऊन बसतो. नोकर हसतात.

कारणं लिहितो. तू गेल्यावर गल्ली म्हणाली, त्या गडबडीत आशन्ना गेला असणार. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. लोक घरी आले, अम्माच्या पाया पडले. देशासाठी पोर दिलेलं घर म्हणून आपलं लुगडं लोकांनी मागून घेतलं. एकदा तर सभेत मला वर बसवून हार घातला, आणि मी तो घालून घेतला. आणखी एक. अप्पा चांगलं काम नेहमी तुला द्यायचे, जरीचा काठ तुझ्याकडं, साधी धोतरं माझ्याकडं. मी थोरला. तू गेलास त्या दिवशी होटगीहून रिकामी गाडी घेऊन येताना मला वाईट वाटत नव्हतं. मला मोकळं वाटत होतं. आज पाच माग घरात, पंधरा बाहेर, लोक सावकार म्हणतात. तू जिवंत आहेस असं आता बोललो तर हे सगळं काय होतं ते तोंडानं सांगावं लागेल. म्हणून गप्प बसलो. झालं सांगून.

तरी परवा दुपारी सांगायला गेलो. अम्मा एकटी सूत उकलत होती. मी तिच्याजवळ बसलो, हळूच म्हणालो, "अम्मा, आशन्ना आहे." तिला ऐकू आलं नाही. जरा मोठ्यानं म्हणालो, तिनं हात कानामागं नेला. साडेसात वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट आणि ती मला गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडून सांगायची होती. मी छाती भरून श्वास घेतला. तेवढ्यात सुंदरम्मा आतून आली आणि तिनं माझ्यापुढं, थोरल्या दिरापुढं, हात आडवा धरला.

"सांगू नका, बावगारू."

मी विचारलं, काय सांगू नको?

"ते वरळीला असतात ते."

ती माझ्यापुढं कधी डोक्यावरचा पदर सोडून उभी राहिलेली नाही, पण त्या दिवशी तिनं माझ्या डोळ्यात बघितलं. चार वर्षांपूर्वी शेजारची केराबाई लेकाकडं मुंबईला गेली होती, तिनं तुला बघितलं. बाजारात, एका बाईबरोबर, दोन मुली. सुंदरम्मानं केराबाईला पदर पसरून शपथ घातली की इथं कुणाला बोलायचं नाही.

"का?" मी म्हटलं. "तू तरी का गप्प बसलीस?"

"अम्माला कळलं तर ती वाट बघत बसेल. आज येतो, उद्या येतो. मेलेल्या माणसाची तेवढी वाट बघावी लागत नाही." मग म्हणाली, "मी रोज त्या फळ्या ओलांडून पाणी नेते. गेलेल्याची बायको नाही, असलेल्याची नाही. हळदीकुंकवाला बोलावतात आणि कोपऱ्यात बसवतात. भरू द्या तो खड्डा. पहिली मूठ मी टाकणार."

"जिवंत माणसाचा खड्डा भरायचा? पाप आहे."

"मग त्यांनी यावं. दहा दिवस आहेत."

मी विचारलं, तुला तो आवाज येतो का. ती म्हणाली, "मला तो साडेसात वर्षं येतोय. तुमच्या घरात मशीन नव्हतं तेव्हापासून." आणि पदर सारखा करून आत गेली.

आशन्ना, मी थोरला आहे, हात जोडणं मला शोभत नाही, तरी जोडतो. कार्ड नको, तारच कर. तू ये असं म्हणत नाही, नुसतं असल्याचं कळव. तो आवाज आता मी बटण न दाबताही ऐकतो, जेवताना, दुकानात, लोकांशी बोलताना. तू आहेस हे या घरात दोघांना ठाऊक आहे, आणि ते दोघंही तुला पुरायला निघालेत.

राजमल्लू

सोलापूर, रविवार, २ जानेवारी १९३८

आशन्ना,

काल भरला.

सकाळी फळ्या काढल्या. रद्दी सुताची पोती मी स्वतः वर ओढली, कारण दुसऱ्या कुणी आत उतरायला मला नको होतं. खाली साडेसात वर्षांची धूळ, जाळी, उंदरांनी नेलेल्या चिंध्या. फक्त दोन जागी धूळ नव्हती. तू पाय टेकायचास त्या दोन जागी जमीन गुळगुळीत, वापरातली. पोती घासली असतील. मी तसंच धरून चाललोय. वर येताना माझा हात कडेला लागला, ती कड कोमट होती. हेही मी कुणाला सांगितलेलं नाही.

अम्माला शेजारच्या दोघींनी धरून आणलं. सुंदरम्मानं पहिली मूठ टाकली. अम्मा रडली, पण ते साडेसात वर्षांचं अडलेलं रडणं होतं, मोकळं झाल्यावर ती पाणी प्यायली आणि झोपली. बायकांनी सुंदरम्माच्या बांगड्या फोडल्या, मणी काढले. मी डोकं उतरवलं. दुपारपर्यंत माती चोपून वर शहाबादी फरशी बसवली. आता तिथं खड्डा होता हे नव्या माणसाला कळणारही नाही.

दुसरं मशीन, ते चार वालचं, भीमाशंकरनं अजून इथंच राहू दिलंय. आज सकाळी मी ते खोकं फरशीवर ठेवून लावलं. सुतकात गाणं लावत नाहीत, म्हणून रेकॉर्ड लावली नाही, रिकामंच ऐकलं. अम्मानं फरशीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि मान हलवली. "गेला," म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी अप्पा गेल्यापासून बघितलं नव्हतं. सुंदरम्मा दुपारी माळ्यावर जाऊन तुझा माग उतरवून घेऊन आली, चुलीपलीकडच्या खोलीत लावायचा म्हणते. स्वतः विणणार.

सगळ्यांचं सुटलं. माझं सुटलेलं नाही. खाली आता पोकळी नाही, फळी नाही, दगड आहे. तरी खोक्याच्या कापडाला कान लावला की मला माग ऐकू येतो, जोरात, हलका, थांब. फक्त मला.

तुझं एक अक्षर पाठव.

राजमल्लू

सोलापूर, गुरुवार, १३ जानेवारी १९३८

वरळी येथील आशन्नाच्या घरच्या बाईंस,

तुमचं नाव मला माहीत नाही. साडेसात वर्षांत मी ते विचारलं नाही, याबद्दल राग धरू नये. मी आशन्नाचा थोरला भाऊ राजमल्लू. त्याला लिहिलेल्या पत्रांना उत्तर येत नाही, म्हणून आज तुम्हाला लिहितो. वाचता येत नसेल तर चाळीत कुणाकडून तरी वाचून घ्यावं, पण आशन्ना घरात असेल तर त्याच्यापुढं वाचू नये.

मला एका गोष्टीची चौकशी करायची आहे. ती वेडेपणाची वाटेल. आमच्या घरी गाण्याचं एक मशीन आहे. त्यात काही वाजत नसताना मला आशन्नाचा माग ऐकू येतो. तो फणी दोनदा मारतो, एकदा जोरात, एकदा हलकी. तुमच्यासमोर तो घरी कधी विणायला बसला नसेल, तरी ताटावर बोटं वाजवताना तुम्ही हे ऐकलं असेल. या महिन्याच्या एक तारखेपासून मी तो आवाज रोज तीन वेळा ऐकतो आहे. चार तारखेला हलका ठोका कमी झाला. सात तारखेला हलका ठोका येईनासा झाला, एकटा जोराचा उरला, तोही उशिरा उशिरा. काल नाही, परवा, मंगळवारी, दुपारी सव्वातीनच्या सुमाराला एक ठोका आला. मी दुसऱ्याची वाट बघत बसलो. अंधार पडेपर्यंत बसलो. तेव्हापासून मशीन अगदी शांत आहे. गुणगुणसुद्धा नाही. भीमाशंकर म्हणून आमचा माहीतगार आहे, तो ऐकून म्हणाला, इतकं चोख मशीन त्यानं पाहिलेलं नाही, घेऊन टाका. मी घेतलं.

अम्मा आता खुर्चीत बसून मंगलहारती ऐकते. तिला ओरखडा आलेली जागाही ऐकू येते, तिथं आली की हसते.

बाई, आशन्ना कसा आहे तेवढं कळवा. तो ठणठणीत असेल, मी वेडा झालोय म्हणून हसत असेल, तर त्याच्यासारखा आनंद नाही. मग मी पुन्हा कधी लिहिणार नाही, आणि मी विचारलं हेही त्याला सांगू नका. तो आजारी असेल तर उद्याच्या गाडीनं निघतो. मुलींना काय आवडतं ते लिहा.

आणि तिसरं काही असेल, तर दिवस आणि वेळ तेवढी कळवा. इथं येऊ नका, कुणाला पाठवू नका. इथं त्याचं सगळं करून झालेलं आहे. खड्डा भरला, दहावा झाला, मी डोकं उतरवलं, सुंदरम्माचे मणी गेले, अम्मा रडून मोकळी झाली. त्याच्यासाठी करावं असं आता या घरात काही शिल्लक नाही. मी रडायला बसलो, तर अम्मा विचारेल, कुणासाठी.

राजमल्लू